कोणते अध्यक्ष, ते नमूद नाही

सावरमाळ, १० फेब्रुवारी २०२५

ती. गंगूआत्यास,
अपर्णाचा नमस्कार. हाताने लिहिलेलं पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत, शाळेत तेवढी मी नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. मागच्या महिन्यात शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर मी पालकांना एवढंच लिहिलं, की परीक्षा जवळ आली आहे, मुलांना सभांना नेऊ नका. त्याचा फोटो काढून एका पक्षाने गावभर फिरवला, की मॅडम आमच्या सभेच्या विरोधात आहेत. फोनवरचं बोलणं तर इथे हल्ली आपोआप रेकॉर्ड होतं. पत्राचा मात्र कुणी विचारच करत नाही. आमच्या फाट्यावरून सकाळी हिंगोलीला जाणाऱ्या एसटीचे कंडक्टर धर्मसिंग तुझ्याच गल्लीत राहतात, ते पोचवतील आणि तुझं उत्तरही आणतील.

आता प्रकरण सांगते. गेल्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून परिपत्रक आलं: 'शनिवार दि. १ मार्च रोजी सकाळी मा. अध्यक्ष महोदय शालेय विद्यार्थ्यांशी थेट संवाद साधतील. उपस्थिती बंधनकारक. प्रत्येक शाळेने एका विद्यार्थ्याचा एक प्रश्न तयार ठेवावा. जोडणीचा तपशील नंतर कळवण्यात येईल.' कोणते अध्यक्ष, कशाचे अध्यक्ष, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं, पाठ्यपुस्तकासारखं मोठ्यानेही वाचलं. नाहीच.

मी आपली आज्ञाधारक. फळ्यावर लिहिलं, 'शनिवारी मा. अध्यक्ष विद्यार्थ्यांशी थेट बोलणार', आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तेच सांगायला लावलं. इथेच माझी बुद्धी गहाण पडली होती. सावरमाळमध्ये नुसतं 'अध्यक्ष' म्हटलं की एकच माणूस, अमृतराव. फार वर्षांपूर्वी ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. समिती गेली, तंटे राहिले, आणि हेही अध्यक्षच राहिले. त्यांची बायकोसुद्धा 'अध्यक्ष जेवायला बसले' असंच सांगते. आता ते एका पक्षाचे गावातले पुढारी आहेत. दुसऱ्या पक्षाचे पुढारी शिवशंकरभाऊ, आणि तेच नेमके आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. भोंगा वाजून संपायच्या आत ते शाळेत हजर. मला म्हणाले, "मॅडम, शाळेचा अध्यक्ष मी. अन् लेकरांशी बोलणार तो? काहून?"

मी सांगितलं की परिपत्रकात तसं काही नाही. ते म्हणाले, मग कसं आहे? आणि ते मलाच माहीत नाही.

हे सगळं विनोदी वाटेल, पण माझा जीव एका गोष्टीत अडकला आहे. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला जवळा बाजारला जायचं तर फाट्यापर्यंत पायी, पुढे एसटी, आणि तीही शाळेच्या वेळेला नाही. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातात. मुली सातवी झाली की घरी बसतात. यंदा सातवीत सहा मुली आहेत, आणि त्यांत रविंद्रची कोमल आहे. तिला मी दुसरीपासून शिकवते आहे. तिला घरी बसलेलं मी बघू शकणार नाही, इतकं सरळ तुला सांगते. आठवीचा वर्ग वाढवून मिळतो, पण त्याला शाळा समितीचा ठराव लागतो. समितीत अर्धे अमृतरावांचे, अर्धे शिवशंकरभाऊंचे. तीन बैठका झाल्या. तिन्हींत चहा तेवढा एकमताने झाला.

म्हणून वाटतं, की जे कोणी अध्यक्ष असतील त्यांना कोमलने विचारावं, 'आमच्या गावात आठवी कधी?' तू जन्मभर कचेरीत पत्रं लिहिलीस. मी काय करू ते सांग.

तुझी,
अपर्णा


हिंगोली, १३ फेब्रुवारी

चि. अपर्णास,
गंगूआत्याचे आशीर्वाद. धर्मसिंगने पत्र थेट स्वयंपाकघरात आणून दिलं आणि तुझ्या शाळेत 'कुणाचं तरी भाषण आहे म्हणून राडा चालू आहे' हेही सांगितलं. तुझ्या गुपिताने एसटीतून आधीच प्रवास केला आहे.

परिपत्रकात अध्यक्ष कोणते ते नाही, यात तुला नवल वाटलं याचंच मला नवल वाटतं. मी मुख्य लिपिक होते तेव्हा एकदा 'सदर इसम' एवढंच लिहिलेलं पत्र पाच टेबलांवरून सह्या घेऊन बाहेर पडलं होतं. खालच्याला वाटतं वरच्याला ठाऊक आहे, वरच्याला वाटतं खालच्याने पाहिलं असेल.

तू दोन गोष्टी कर. पहिली, वरती पत्र लिहून 'मार्गदर्शन व्हावे' एवढे दोन शब्द लिही. 'चूक' हा शब्द चुकूनही वापरू नकोस, नाहीतर ती चूक तुझ्या नावावर जमा होईल. दुसरी, उत्तर येईपर्यंत गावात काहीही दुरुस्त करू नकोस. अमृतरावांना वाटू दे आपण बोलणार, शिवशंकरना वाटू दे आपण बोलणार. दोघंही शाळेत येतील, नीट कपडे घालून येतील, आणि मुलांसमोर माणूस जरा बरा वागतो. तेव्हा त्यांच्यापुढे आठवीचा विषय काढ.

कोमलचा प्रश्न मात्र तिच्याच शब्दांत राहू दे. तू सुधारायला गेलीस की त्याचं परिपत्रक होईल. अमावस्येला औंढ्याला जाणार आहे, नागनाथाला तुझ्यासाठीही सांगेन. तो तरी कोणत्या कार्यालयातून, असं विचारणार नाही.

आत्या


सावरमाळ, २१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार. तुझ्या दोन्ही गोष्टी तंतोतंत केल्या, आणि आता मला गाव सोडून जावंसं वाटतं आहे.

मार्गदर्शन आलं. एका ओळीचं: 'संदर्भीय पत्रात नमूद केल्याप्रमाणे कार्यवाही करावी.'

गावात मी काहीच दुरुस्त केलं नाही, त्यामुळे सगळं आपोआप वाढलं. अमृतरावांनी भाषणासाठी नवं जाकीट शिवायला टाकलं आहे. परिपत्रकातला 'थेट' हा शब्द त्यांनी मला बोटाने दाखवला, म्हणाले, थेट म्हणजे समोरासमोर, आणखी काय असतं? शिवशंकरभाऊंनी पालकांची सभा घेऊन जाहीर केलं, की विरोधी पक्षाच्या माणसाचं भाषण आमची लेकरं ऐकणार नाहीत, त्या दिवशी शाळेवर बहिष्कार. दोन्ही पक्षांच्या तालुक्याच्या लोकांनी पत्रकं काढली. एकाचं म्हणणं, कोवळ्या मनांवर राजकारण लादलं जात आहे. दुसऱ्याचं म्हणणं, मुलांना मार्गदर्शनापासून वंचित ठेवलं जात आहे. दोघांनीही आधी भाषण काय आहे हे विचारलं नाही, कारण ते कुणालाच माहीत नाही.

बाकीचे अध्यक्षही जागे झाले. बचत गटाच्या अध्यक्ष भिकाबाई येऊन विचारून गेल्या, की मी लुगडं कोणतं नेसू. भजनी मंडळाचे अध्यक्ष उकंडराव म्हणाले, भाषण नको, एक अभंग म्हणतो. गणेश मंडळाच्या अध्यक्षाचं अजून मिसरूड फुटायचं आहे, तोही 'दोन शब्द' बोलणार आहे. गावात घरटी माणूस कशाचा तरी अध्यक्ष आहे, हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं.

आणि तोटा झाला तो कोमलचा. तिचे वडील रविंद्र शिवशंकरभाऊंच्या विहिरीवरून पाणी घेतात. भाऊंनी बहिष्कार म्हटल्यावर ते नाही म्हणू शकत नाहीत. काल शाळेच्या फाटकाबाहेरच उभे राहून मला म्हणाले, "मॅडम, शनवारी पोरगी येणार न्हाई. माझं पाणी हाय तेच्याकडं." आत येऊन बोलायचीही त्यांना चोरी झाली आहे. कोमलने प्रश्न लिहून तयार ठेवला होता. मी तिला सांगितलं की बघू. तिने मान हलवली आणि फळा पुसायला गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मला तुझा राग आला आहे हेही लिहून टाकते. दुरुस्त करू नकोस म्हणालीस ते कचेरीत चालत असेल.

अपर्णा


हिंगोली, २४ फेब्रुवारी

चि. अपर्णास,
राग योग्य आहे. कचेरीत न दुरुस्त केलेली गोष्ट कपाटात जाऊन पडते, गावात ती पारावर जाऊन बसते, एवढा फरक माझ्या लक्षात आला नाही.

पण आता मागे फिरता येणार नाही, तेव्हा पुढेच ढकलू. परिपत्रक पुन्हा वाच. त्यात 'भाषण' हा शब्दच नाही, 'संवाद' आहे. आणि अध्यक्ष शाळेत येतात तेव्हा त्यांचं स्वागत कोण करतं? शाळा समितीचा अध्यक्ष. हा शिष्टाचार आहे. शिवशंकरना लेखी कळव, की 'मा. अध्यक्षांच्या स्वागताचा मान आपला'. ज्याच्या हातात शाल आणि नारळ दिला तो माणूस बहिष्कार घालू शकत नाही, कारण मग नारळ कुणापुढे धरणार? आणि स्वागत म्हटलं की मुलं लागतात. आपल्या बाजूची मुलं तोच गोळा करून आणेल.

अमृतरावांना काहीही कळवू नकोस. जाकीट शिवून झालं आहे, ते येणारच.

एवढं कर आणि गप्प बस. माझ्यावर विश्वास नसला तरी शिष्टाचारावर ठेव.

आत्या


सावरमाळ, २ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार. हे पत्र सावकाश वाच, मीही सावकाश लिहिते आहे. कालचा दिवस अजून डोक्यात मावत नाही.

शिष्टाचार लागू पडला. मान मिळाल्याच्या भरात नारळ कुणाला द्यायचा हेच विसरून शिवशंकरभाऊंनी बहिष्कार मागे घेतला आणि स्वतः दारोदार फिरून पोरं आणली. रविंद्रच्या घरीही गेले, त्यामुळे कोमल आली. वेणीला रिबिनी बांधून आली होती. सातच्या आत सगळा पट बसलेला होता, इतकी हजेरी पंधरा ऑगस्टलाही नसते.

अमृतराव नव्या जाकिटात आले. शिवशंकरभाऊ शाल-नारळ घेऊन दारात उभे होते. समोर अमृतराव दिसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हा नारळ याला द्यावा लागणार. त्यांनी हात मागे घेतला. अमृतरावांनी आधीच वाकवलेली मान तशीच राहिली. मग जे सुरू झालं ते तुला माहीतच आहे, ते ऐकायला हिंगोलीहून यायची गरज नाही. आधी नारळावरून, मग खुर्चीवरून. शाळेत हाताची खुर्ची एकच आहे, आणि अध्यक्ष तिच्यातच बसतात. दोघांची माणसं लिंबाखाली जमली. जुन्या निवडणुका निघाल्या, बांध निघाले, कुणाच्या लग्नात कुणाला मान दिला नाही तेही निघालं. तेवढ्यात गुडघे दुखतात म्हणून भिकाबाई आत येऊन त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी शाळेचा टीव्ही लावला. जोडणीचा पत्ता, म्हणजे लिंक, पहाटे आला होता; संवाद पडद्यावरूनच होता. पडद्यावर एकच ओळ आली, 'कृपया प्रतीक्षा करा, सभा अद्याप सुरू झालेली नाही.' मुलं त्या ओळीकडे बघत बसली. मीही. बाहेर आवाज चढत होता.

आत्या, काल शनिवार होता. शनिवारी सकाळी आमच्या शाळेत बालसभा असते. ठरलेलं असतं: एक मूल उठून अध्यक्षाची सूचना मांडतं, दुसरं अनुमोदन देतं, निवडलेलं मूल खुर्चीत बसतं आणि शेवटी त्याचं अध्यक्षीय भाषण होतं. पहिलीच्या लेकरालाही हे पाठ आहे. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, हे मी तुझ्या पायाची शपथ घेऊन लिहिते. मुलं कंटाळली होती, शनिवार होता, समोर खुर्ची होती. पाचवीतली शितल उठली आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान कोमलताईनं स्वीकारावं, अशी मी सूचना मांडते." सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, अनुमोदन आहे.

'अनुमोदन' हा शब्द बाहेर ऐकू गेला आणि लिंबाखालचं भांडण थांबलं. गावातल्या पुढाऱ्यांना हा शब्द झोपेतही ऐकू येतो. काय मंजूर झालं ते बघायला सगळे खिडक्यांशी आले. भिकाबाई उठल्या, खुर्ची पदराने पुसली आणि कोमलला म्हणाल्या, बस बाई.

कोमल बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. सुरुवात तिने आमच्या शिकवणीप्रमाणे केली, आदरणीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मला अध्यक्ष केल्याबद्दल आभार मानते. मग थांबली. मला वाटलं विसरली. ती खिडकीकडे बघत होती, तिथे तिचे वडील होते. मग म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं लिहिते:

"आपल्या गावात पाच अध्यक्ष हायेत. आठवी एक बी न्हाई. लेकरांशी कोण बोलणार याच्यावरून तुमी भांडून राहिले. बोला ना कोणी बी. आमी सातवीपस्तोर ऐकूच. पुढं आमी शाळेतच नसणार, मग कोणाला सांगताल?"

एवढं बोलून ती म्हणाली की मी माझे दोन शब्द संपवते. मुलांनी सवयीप्रमाणे टाळ्या वाजवल्या, एक-दोन, एक-दोन-तीन. मी माझा चेहरा टीव्हीकडे वळवला, कारण मला हसू आणि रडू एकदम येत होतं. टीव्हीवर अजून प्रतीक्षा करा असंच होतं.

शिवशंकरभाऊ सगळ्यांत आधी सावरले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की आठवीचा वर्ग आमचा पक्ष आणणार, आत्ताच ठराव लिहा. अमृतराव म्हणाले, तुमच्या आधी आमी आणतो. दोघांनी दोन वेगळे ठराव लिहायला लावले. मी दोन्ही लिहिले. दोन्हींतला मजकूर सारखाच आहे, फक्त सूचक वेगळे.

वर अहवाल पाठवला आहे: 'परिपत्रकानुसार मा. अध्यक्षांनी विद्यार्थ्यांशी थेट संवाद साधला. उपस्थिती पूर्ण.' यात एकही अक्षर खोटं नाही.

तुझी,
अपर्णा


हिंगोली, ७ मार्च

चि. अपर्णास,
तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शेजारच्यांना वाचून दाखवलं. रागावू नकोस. अहवालाचं वाक्य तर मी माझ्या नोकरीच्या काळातही इतकं स्वच्छ लिहिलं नसतं.

आता ऐक. माझ्या जुन्या कचेरीतल्या मंजुषाला मी विचारायला लावलं होतं, की अखेर ते अध्यक्ष होते तरी कोण. तिला बिचारीला चार ठिकाणी फोन करावे लागले. ते कुठल्याशा बाल दंत-आरोग्य मंडळाचे अध्यक्ष होते. दात कसे घासावेत, यावर ते मुलांशी बोलणार होते. त्यांच्याकडचीच वीज गेली म्हणून कार्यक्रम झाला नाही. तुमच्या दोन पक्षांनी पत्रकं काढून जे कोवळ्या मनांवर लादू नका म्हटलं, ते म्हणजे ब्रश वरून खाली फिरवावा हे होतं.

हे गावात सांगू नकोस. ज्यावरून एवढं भांडलो ती गोष्ट दाताची होती, हे कळलं तर ते पुन्हा नव्याने भांडतील.

मुलीचं काम झालं असं समज. दोघांनी ठराव दिलेत, दोघंही आता एकमेकांच्या वरताण धावतील. यात बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही.

आत्या


सावरमाळ, २५ जून

ती. आत्यास,
नमस्कार. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला चांगलं काही नव्हतं, आणि आता आहे तेही कसं लिहावं कळत नाही.

मार्चमध्येच मला नोटीस आली होती, ती तुझ्यापासून लपवली. दोन्ही पक्षांनी तक्रार केली होती, की मॅडमनी मुलीला पढवून तिच्याकडून राजकीय भाषण करून घेतलं. दोघांचीही खात्री होती की ते भाषण दुसऱ्या पक्षाचं होतं. मी तुझ्या पद्धतीने 'आदेशानुसार कार्यवाही केली' असं उत्तर दिलं आणि तो विषय बंद पडला.

आठवीचा वर्ग मंजूर झाला. हो, खरंच झाला. सोळा तारखेला शाळा उघडली आणि त्याच दिवशी उद्घाटनंही झाली, दोन. सकाळी अमृतरावांनी फीत कापली. ती शिवशंकरभाऊंच्या माणसांनी गाठ मारून जोडली आणि दुपारी भाऊंनी पुन्हा कापली. फाटकावर दोन फलक आहेत, दोन्हींवर 'आमच्या प्रयत्नांना यश'. वर्गात मुली पाच. सहावी नाही. कोमल नाही.

मी रविंद्रकडे गेले. मनात त्यांना बरंच बोलायचं ठरवून गेले होते, की मुलगी चारचौघांत बोलली म्हणून लाजून घरी बसवलीत ना. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि खाली मान घालून सांगितलं, "दोघं बी येऊन गेले मॅडम. अमृतराव म्हणले पोरीला आमच्या इष्टेजवर बसवा. भाऊ म्हणले आमच्या. एकाला व्हय म्हणलं का दुसऱ्याचा वैरी. म्हणून कुरुंद्याला मामाकडं धाडून दिली. शाळा सुटावी म्हणून न्हाई धाडली."

मग मी विचारलं, आता उद्घाटनं झाली, आणा तिला परत. तेव्हा कळलं की तिचा मामा सोमेश्वर सोडत नाही. हळदीची लागवड सुरू आहे, हात कमी आहेत, पोरगी बसून थोडीच खाणार, असं म्हणतो. रविंद्र दोनदा जाऊन हात हलवत आले. मेव्हण्यापुढे त्यांचं चालत नाही, बायकोच्या आजारपणात त्याने पाठीशी उभं राहून केलं आहे. मला म्हणाले, कोणी मोठं माणूस बोललं तर तो ऐकेल. मी शिवशंकरभाऊंना सांगितलं, अमृतरावांना सांगितलं. दोघंही म्हणाले की बघतो. उद्घाटन झालेल्या वर्गात आता त्यांना काही बघायचं उरलेलं नाही.

हजेरी घेताना मी तिचं नाव रोज पुकारते. बाकीच्या पाच जणी दाराकडे बघतात. आत्या, तिने मागितलं म्हणून वर्ग आला, आणि ती दुसऱ्याच्या रानात वाकून हळकुंडं पुरते आहे. माझ्या हुशारीचा मला वीट आला आहे. तुझ्याही.

अपर्णा


हिंगोली, २९ जून, रविवार

चि. अपर्णास,
आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या रात्री जेवण गेलं नाही. बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मीच लिहिलं होतं. शुक्रवारी फाट्यावर उतरून रविंद्रला भेटले. तुला भेटले नाही, तू अडवलं असतंस. तो म्हणाला, तुमी आणत असाल तर आणा, मी तुमच्या पाया पडतो. मी म्हटलं पाया नको, फोन चालू ठेव.

आज सकाळच्या गाडीने कुरुंद्याला गेले. सोमेश्वरचं घर विचारत रानापर्यंत पोचले. दहा-बारा बाया ओळीने लागवड करत होत्या आणि त्यांच्यात सगळ्यांत लहान ती. तुझ्या पत्रांवरून मी तिला लगेच ओळखलं, म्हणजे रिबिनींवरून नाही, रिबिनी नव्हत्याच. सगळ्या खाली बघत होत्या, ती एकटी मान वर करून मला बघत होती.

मामा बांधावर उभा होता. मी म्हटलं, पोरीला न्यायला आले आहे, तिची शाळा सुरू झाली. तो हसला. म्हणाला, बापाला न्हाई म्हणलं, तुमाला काहून देऊ? तुमी कोण?

अपर्णा, पस्तीस वर्षं नोकरी केली. कधी खोटी सही केली नाही, कधी नसलेला हुद्दा लावला नाही. आज त्या बांधावर मी पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि म्हटलं, "मी अध्यक्ष."

कशाच्या, ते त्याने विचारलं नाही.

आधी त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. मग घरून खुर्ची मागवली, ती रानात आली. चहा आला. मला म्हणाला, मॅडम, आधी फोन करायचा, आमी गाडी धाडली असती. मी दोन वाक्यांत सांगितलं की मुलींच्या शिक्षणाकडे आमचं बारीक लक्ष आहे. कुणाचं लक्ष, तेही त्याने विचारलं नाही. मी त्याच्याच फोनवरून रविंद्रला लावायला सांगितलं, बाप व्हय म्हणाला, आणि पोरीची पिशवी बाहेर आली. निघताना मामाने आपल्या गावच्या रस्त्याचंही तेवढं बघा असं सांगितलं. मी बघते म्हटलं. या पदावरचा माणूस दुसरं काय म्हणणार?

ही रात्र ती माझ्याकडे आहे. हातांची हळद निघत नाही, दोनदा साबण लावला. जेवताना तिने विचारलं, आजी, तुमी खरंच अध्यक्ष हाव का? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग आमच्या गावात चालून जाईल.

उद्या पहिल्या गाडीने धर्मसिंगच्या शेजारच्या सीटवर बसवून तिलाच हे पत्र देऊन पाठवते आहे. फाट्यावर रविंद्र उभा राहील आणि तिला शाळेच्या दारापर्यंत आणून सोडेल. आत ती एकटी येईल, असं तिचंच म्हणणं आहे. तू आत्ता हजेरी घेत असशील. वाचत बसू नकोस. ती दारात उभी आहे, आधी तिला आत घे.

आत्या